पोरांच्या ट्रायल्समध्ये गट कसे पाडायचे, वयावर की सीसीवर?

वावरभाऊ
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात आमच्या वावराला लागून मुरुमाची जुनी खदान आहे, सात-बारा आमच्याच घरचा. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून गावातली दहा-बारा पोरं तिथं जुन्या मोटरसायकलींवर ट्रायल्सचा सराव करतात. हा प्रकार पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. ही शर्यत नव्हे, कोण किती जोरात गेला याला किंमत नाही. दगड, नाला, चढ असा दोऱ्या बांधून आखलेला तुकडा असतो, त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी ३. गाडी पडली किंवा दोरीबाहेर गेली की ५. हे गुण दंडाचे. शेवटी ज्याच्या नावावर सगळ्यात कमी, तो पहिला.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं की पोरांची स्पर्धा घ्यायची ठरवली आहे. पोरं ९ ते १७ वयाची. गाड्या म्हणाल तर चार स्प्लेंडर, एक आरएक्स-१००, एक एम-८० आणि माझ्या पुतण्याची छोटी बॅटरीची गाडी. गटांवर येऊन अडलो आहे. माझं मत सीसीवर पाडावेत असं आहे. १०० सीसीपर्यंत एक गट, त्यावरचा दुसरा. हिशेब सोपा, भांडायला जागा नाही. तुम्हाला काय वाटतं?

मिस्तरी आर्णीवाले
भाऊ, भांडणाले जागा तं इथंच हाय. स्प्लेंडर ९७.२ सीसी, आरएक्स ९८ सीसी. कागदावर दोघी जुळ्या बहिणी. पण आरएक्स टू-स्ट्रोक हाय. क्रँकच्या दर फेऱ्याले तिच्यात पेट होते, स्प्लेंडरमंदी दोन फेऱ्यांत एकदा. म्हणून स्प्लेंडर आठ हॉर्सपॉवरच्या आसपास आन् आरएक्स अकरा. वरून आरएक्सची ताकद एकदम येते. खाली थंड राहते, मंग मधातच अशी उसळते का हँडल हातातून सुटते. तुमच्या नियमानं दोन्ही एकाच गटात. तेरा वर्षाचं पोट्टं आरएक्सवर बसवसान तं ते दगडावर नाही, दगडापल्याड जाईन. सीसी म्हंजे सिलिंडरमधली जागा, गाडीचा स्वभाव नाही.

पीटी सर
मिस्तरींशी सहमत, पण त्यामुळेच मी म्हणतो की वयावर जा. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, वय ३१ डिसेंबरला धरतात. पोरांना, पालकांना हे गट तोंडपाठ आहेत. जन्मदाखला आणा, विषय संपला. बावीस वर्षं मुलं घेऊन तालुक्याला, जिल्ह्याला जातो आहे. वयाचा गट हाच सगळ्यात कमी कटकटीचा.

पटवाला
मास्तर, आमच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, पण वयाचेच गट. पण आम्ही दाखला मागत नाही, गोऱ्ह्याचा जबडा उघडून दात मोजतो. अदत, दोनदाती, चारदाती. दात खोटं बोलत नाहीत. तळेगाव दशासरच्या पटात लहानपणापासून उभा राहिलो आहे, दातावरून वाद झालेला आठवत नाही. दाखल्यावरून मात्र कबड्डीच्या मैदानावर किती वाद पाहिले ते तुम्हीच सांगा.

पीटी सर
ते खरं आहे पटवाले भाऊ. पण पोरांचे दात मोजायला लागलो तर पालक माझेच दात मोजतील!

नवखा
मी वाशीम जिल्ह्यातला. एक बाळबोध शंका. वेग मोजतच नाहीत तर गाडी मोठी असली काय नि लहान असली काय, फरक कशाचा?

परदेशी संत्रं
नवखा यांचा प्रश्न बाळबोध नाही, मुळाचा आहे. मी वरूडचा, सध्या इंग्लंडात. रविवारी इथल्या क्लबच्या ट्रायलला सेक्शनवर गुण लिहायला उभा राहतो. माझं डोकं संत्र्याच्या बागेत अडकलेलं असतं, पण इथं चिखलात उभं राहून बरंच शिकलो.

पहिलं, इथं पोरांच्या गटांना अक्षरं आहेत. ए गट मोठ्या पोरांचा, मग बी, सी, डी असे खाली उतरत लहान होत जातात. प्रत्येक गटाला वयही असतं आणि इंजिनाची मर्यादाही. दोन्ही एकत्र. सीसी हे तिथं भांड्यावरच्या झाकणासारखं आहे. याच्या वर जायचं नाही, एवढंच ते सांगतं. तुझी लायकी कोणत्या गटाची हे ते सांगत नाही.

दुसरं, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. सगळे गट एकाच सेक्शनमध्ये उतरतात, पण रस्ते वेगळे. एका रंगाचे बाण मोठ्या दगडावरून जातात, दुसऱ्या रंगाचे त्याच दगडाच्या बाजूने. लहान पोरगा आणि त्याचा मोठा भाऊ एकाच नाल्यात, एकाच माणसासमोर, आपापल्या बाणांमागून जातात. गट पाडायचे ते खरे बाणांनी पाडा. गाडीची मर्यादा ही नंतरची गोष्ट.

टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकचं मिस्तरी म्हणाले ते जागतिक पातळीवरही मान्य आहे. मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत, १२५ सीसी टू-स्ट्रोक आणि २५० सीसी फोर-स्ट्रोक एका पंक्तीला बसवलेले होते. ज्युनियर मोटोक्रॉसला ६५, ८५, १२५ अशा पायऱ्या आहेत. ट्रायल्समध्ये पोरं साधारण बॅटरीच्या गाडीवरून ८० सीसीवर, तिथून १२५ वर आणि मग मोठ्या गाडीवर जातात.

सातपुड्याची पाऊलवाट
चिखलदऱ्याच्या बाजूला डोंगरात गाडी घालतो, म्हणून थोडं अनुभवाचं. सीसी कमी म्हणजे सोपं हा समज आधी काढून टाका. गुडघाभर उंचीच्या दगडावर चढताना मोठं इंजिन नुसत्या श्वासावर वर नेतं, एक्सलेटरला हात लावावा लागत नाही. लहान इंजिनाला आधी फिरवून ठेवावं लागतं, क्लच अर्धवट धरून नेमक्या क्षणी सोडावा लागतो, नाहीतर दगडाच्या पोटाशीच गाडी बंद पडते. म्हणजे लहान सीसीवाल्याला जास्त कला लागते. मग त्याला लहान गटात टाकून 'सोपं दिलं' कसं म्हणायचं?

परदेशी संत्रं
पाऊलवाट यांचा मुद्दा बरोबर, पण चुकल्यावर काय होतं ते पाहा. लहान इंजिनावर पोरगा चुकला तर गाडी बंद पडते. मोठ्या इंजिनावर चुकला तर गाडी त्याच्या अंगावर येते किंवा त्याला घेऊन जाते. घाबरलेल्या पोराची मूठ उघडत नाही, घट्ट मिटते, आणि मिटताना मनगट खाली वळलं की एक्सलेटर आणखी पिळला जातो. झाकण त्या एका सेकंदासाठी आहे.

मिस्तरी आर्णीवाले
हे एक नंबर बोलले. मी दोघाइले दवाखान्यात नेलेलं हाय, दोघाइचं असंच झालं होतं. म्हणून सांगतो वावरभाऊ, दर गाडीले दोरीचा स्विच लावा. मनगटाले दोरी, दुसऱ्या टोकाले स्विच, पोट्टं पडलं का दोरी निघते आन् इंजन बंद. खऱ्या ट्रायल्सच्या गाडीले असतेच. स्प्लेंडरले मी बसवून देतो, सामान शंभर-दोनशेचं, मजुरी नाही घेत.

आन् एक. चाकातली हवा कमी करायच्या नादात लय खाली जाऊ नका. ट्रायल्सच्या गाडीचं मागचं टायर ट्यूबलेस, नरम, म्हणून ते चार-पाच पौंडावर चालवतेत. आपल्या गाडीत ट्यूब हाय. हवा तितकी खाली नेली का रिममंदी टायर सरकते, ट्यूब ओढली जाते आन् हवा भरायची नळी मुळातून फाटते. पंधराच्या खाली जाऊ नका. त्यापरीस पुढचं स्पॉकेट दोन दातानं लहान टाका. स्प्लेंडरचा पहिला गेर माणसाच्या चालीपेक्षा लय पळते, सेक्शनमंदी चालीच्याच वेगानं जाणं हाय.

मायलेक
हिंगणघाटहून लिहिते. माझी मुलगी १२ वर्षांची, मामाच्या वावरात एम-८० चालवते. वय आणि सीसी यांवर एवढं लिहून झालं, पण मला रोज जे दिसतं ते कोणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी ती नाल्यातल्या उतारावर थांबली तेव्हा तिचा उजवा पाय जमिनीपासून वीतभर वर होता. डावा टेकला होता, तोही चवड्यावर. थांबली तशीच डाव्या अंगाला आडवी झाली. इंजिन मोठं की लहान याचा तिथं काही संबंध नव्हता. दुसरं म्हणजे ब्रेकची दांडी. तिची बोटं दांडीला नुसती टेकत होती, वळत नव्हती. दर वेळी ती अख्खा पंजा मुठीवरून सोडून दांडीकडे न्यायची, आणि तेवढ्यात हँडल फिरायचं. भावानं दांडी स्क्रूवर आत घेतली, सीटचा फोम चार बोटं कापला. त्या दिवसापासून पोरगी वेगळीच झाली. तीच पोरगी, तीच गाडी, तेच सीसी.

म्हणून विचारते, पाय आणि हात पोचतात की नाही यावर गट का पाडत नाही? आणि मुलींचा वेगळा गट हवा का, हेही सांगा. तिला स्वतःला नको आहे.

परदेशी संत्रं
ताई, तुम्ही जे लिहिलंत त्यावर मी संध्याकाळभर विचार केला. पोरांच्या ट्रायल्सच्या गाड्या मुळात यातूनच निघाल्या. ओसेट म्हणून बॅटरीच्या गाड्या आहेत, त्या इथं इंग्लंडात एका बापानं आपल्या लहान मुलासाठी २००४ च्या सुमारास बनवल्या. मुलाच्या नावाची अक्षरंच कंपनीच्या नावात आहेत. त्यांच्या गाड्यांना सीसी नाहीच, १२.५, १६, २०, २४ असे आकडे आहेत आणि ते चाकांच्या इंचांचे. पोर उंच झालं की चाक मोठं. शिवाय आत बारीक बटणं असतात, त्यांनी जोर आणि वेग बाप कमी-जास्त करून ठेवतो. ८० सीसीच्या पेट्रोल गाड्यांतही लहान चाकांची आणि मोठ्या चाकांची असे दोन प्रकार मिळतात, इंजिन तेवढंच.

आणि वजनाचं सांगतो. ट्रायल्सची १२५ सीसी गाडी आणि ३०० सीसी गाडी वजनाला जवळपास सारखीच, सत्तर किलोच्या आतबाहेर. सीसी कमी केल्यानं वजन कमी होत नाही. तुमच्या स्प्लेंडरचं वजन १०० च्या पुढं, म्हणजे ३०० सीसीच्या ट्रायल्स गाडीहून जड. पोरांना खरा अडसर तो आहे.

मुलींबद्दल, स्पेनची लाया सान्झ ट्रायल्समध्ये महिलांची १३ वेळा जगज्जेती. पुढं डकार रॅली या लांब पल्ल्याच्या शर्यतीत २०१५ साली दुचाकीत नववी आली, पुरुषांसकट. तुमच्या लेकीला वेगळा गट नको असेल तर तिला तिच्या बाणांमागून जाऊ द्या.

पटवाला
वजनाचं काढलंत म्हणून सांगतो. आखाड्यात आम्हाला उस्ताद पहिल्या दिवशी एकच सांगायचे, जोडीदार उचलता येत नसेल तर त्याच्याशी लढू नको. पोराला आडवी पडलेली गाडी स्वतः उभी करता आली पाहिजे. करता येत नसेल तर ती गाडी त्याची नाही, मग दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो.

सातपुड्याची पाऊलवाट
ही कसोटी मला सगळ्यात आवडली. पाच मिनिटांचं काम. सपाट जागेवर गाडी आडवी टाका आणि पोराला म्हणा, उचल.

वकील यवतमाळ
उशिरा आलो, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे १८ वर्षांखालच्या कोणालाही सार्वजनिक जागेत गाडी चालवता येत नाही. १६ पूर्ण झालेल्याला फक्त ५० सीसीपर्यंतची चालते. म्हणजे वय आणि सीसी यांची जोडी आपल्या कायद्यातही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार, तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.

वावरभाऊ, खदान तुमची आहे, ठीक. पण सार्वजनिक जागा म्हणजे जिथं लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. खदानीतून गावाची पाऊलवाट जात असेल तर आधी ते बघा. आणि मला सरळ सांगा, पोरं खदानीपर्यंत कशी येतात?

वावरभाऊ
वकील साहेब, खोटं बोलणार नाही. चालवतच येतात. डांबरी रस्त्याचा अर्धा किलोमीटर लागतो. आजपासून बंद. गाड्या माझ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेईन, पोरं पायी येतील. पाऊलवाट खदानीच्या पलीकडच्या धुऱ्यावरून आहे, आतून नाही. तरी त्या दिवशी दोर लावतो, आणि पोलीस पाटील व ठाण्यात आधी लेखी देतो.

नवखा
हेल्मेटचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे पोरांच्या डोक्यावर बापाचं हेल्मेट ठेवतात, ते मान हलवली की फिरतं.

पीटी सर
योग्य बोललात. मुलाच्या डोक्याला बसेल तेच, पट्टा बांधूनच. घोट्याच्या वर जाणारा बूट, आणि कोपर-गुडघ्याला पॅड. क्रिकेटचे चालतील, मी शाळेतून चार जोड्या आणतो. चप्पल घातलेला मुलगा मी सेक्शनमध्ये शिरू देणार नाही, मग त्याचा बाप सरपंच असला तरी.

मिस्तरी आर्णीवाले
थोडं गाड्यांचं बोलू द्या. आरएक्सचा आवाज ऐकला का अजून काळजात कालवाकालव होते. पण संत्रंभाऊ, पहिले ट्रायल्समंदी तं मोठ्याच गाड्या होत्या म्हणे?

परदेशी संत्रं
हो मिस्तरी. आधी ५०० सीसीच्या एरियल गाड्यांवर लोक ट्रायल्स जिंकायचे, फोर-स्ट्रोक, जड. सॅमी मिलर हा नावाजलेला चालकही त्याच गाडीवर गाजला. मग तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला आणि २४४ सीसीची हलकी टू-स्ट्रोक तयार करायला मदत केली. १९६५ साली त्या गाडीनं त्यानं स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. निम्म्या सीसीनं मोठ्या गाड्यांचा काळ संपवला. नंतर सगळे हलक्या गाडीमागं लागले.

सातपुड्याची पाऊलवाट
अजून एक सुचवतो. ९-१० वर्षांच्या पोरांना इंजिन द्यायचंच कशाला? सायकल द्या. जोर्दी तार्रेस सात वेळा ट्रायल्सचा जगज्जेता झाला, तो सायकल ट्रायल्समधून आलेला. टोनी बोऊ २००७ पासून मैदानातली आणि बंदिस्त दोन्ही जगज्जेतेपदं वर्षानुवर्षं सोडत नव्हता, तोही सायकलवरूनच. तोल सायकलवर शिकता येतो आणि पडल्यावर अंगावर पडतं ते पंधरा किलो.

मायलेक
हे माझ्या धाकट्यासाठी. धन्यवाद भाऊ, आज संध्याकाळीच विटा मांडते.

एक्सपल्सवाला
माझा भाचा १६ चा, उंच आहे, एक्सपल्स २०० उचलतो. तो खेळू शकतो का?

मिस्तरी आर्णीवाले
उचलते तं शाब्बास! पण ती दीडशे किलोच्या वर हाय, नाल्यातल्या गोट्यावर पायावर आली तं पाय राहत नाही. त्याले सध्या स्प्लेंडरवर उतरवा, तिथं पहिला आला का पाहू.

पीटी सर
वावरभाऊ, सगळं वाचून माझं मत बदललं आहे. माझ्या एकाच वर्गात दोन तेरा वर्षांची मुलं आहेत. एक अठ्ठावीस किलोचा, दुसऱ्याला मिसरूड फुटलं आहे. दोघांचा दाखला सारखा. तरी वय अगदी काढू नका. उचलण्याची कसोटी आधी घ्या, पण कमीत कमी वय ठेवा, कारण नऊ वर्षांचा एखादा दांडगा मुलगा गाडी उचलेल, पण भीती वाटल्यावर हात सोडायचं भान त्याला अजून नसतं.

वावरभाऊ
मंडळी, काल संध्याकाळी सगळी पोरं खदानीत बोलावली. स्प्लेंडर आडवी टाकली आणि एकेकाला उचलायला लावलं. बारा जणांत सात जणांनी उचलली. दोघांना वाकायचं कसं तेच कळत नव्हतं. पाठीने ओढत होते, गुडघ्याने नाही. पटवाल्यांच्या उस्तादाची आठवण काढून त्यांना शिकवलं, मग त्यांतल्या एकानं उचलली. एक जण रडवेला झाला, त्याला एम-८० दिली. ती त्यानं एका झटक्यात उभी केली आणि हसला.

मग असं ठरवलं. बाण तीन रंगांचे. पांढरे बाण सायकल आणि बॅटरीच्या गाडीसाठी, १२ च्या आतले सगळे त्यात. पिवळे बाण १२ पूर्ण झालेल्या, गाडी स्वतः उचलणाऱ्या पोरांसाठी. एम-८० किंवा फोर-स्ट्रोक १०० पर्यंत, मग एम-८० टू-स्ट्रोक असली तरी चालेल, ती अंगावर उसळत नाही. लाल बाण १५ च्या वरच्यांना, आणि पिवळ्यात दोन सेक्शन ५ न घेता पार करून दाखवले तरच. आरएक्स फक्त लालमध्ये, १६ पूर्ण असेल तरच. मुली-मुलं एकत्र. पाय टेकत नसेल तर सीट कापायची, दांडी आत घ्यायची, ते मिस्तरींकडे.

आरएक्स ज्याची आहे तो पोरगा १४ चा. आज सकाळपासून बोलत नाही माझ्याशी.

मिस्तरी आर्णीवाले
त्याले माझ्याकडं पाठवा. त्याच्या आरएक्सचं कार्ब्युरेटर त्याच्याच हातानं उघडायला लावतो. दोन वर्षं गाडी समजून घेतली का सोळाव्या वर्षी त्याच्यासारखी ती कोणाले चालवता येणार नाही.

मायलेक
आम्ही २५ तारखेला संध्याकाळी पोचतो. लेक पिवळ्यात. तिनं काल तीन वेळा एम-८० उचलून दाखवली, चौथ्यांदा शेजारणीला दाखवायला.

पटवाला
बाण चुन्यानं आखणार असाल तर नका आखू. जानेवारीत सकाळी दव पडतं, दगडावरचा चुना पसरतो आणि पांढरं-पिवळं एक होतं. पटाची रेघ आम्ही एकदा तशी घालवली आहे. प्लायवूडचे तुकडे रंगवून खिळ्याने बांबूला ठोका, आणि मुरूम ओला असेल तर बांबू हातभर आत गाडा.

वावरभाऊ
बांबू घरचे आहेत. पिवळा रंग उद्या दारव्ह्याहून आणतो.